शेजाऱ्यांच्या संमतीने

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे. मागच्या अंगणातून उडवा, फोटो काढा आणि उतरवा. इथे कोण बघतंय?" लेक म्हणाली.

"कोणी बघत नाही म्हणून बॉयलर फुटायचा राहत नाही," साहेब म्हणाले आणि चष्मा लावून पुन्हा नियम वाचायला बसले.

साहेबांची उभी हयात बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून गेली. ते फाटकातून आत शिरले की कारखानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. एवढ्याशा गळतीसाठी अख्खा कारखाना थंड करायला लावणारा माणूस. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना ड्रोन भेट दिला. तो प्रेमापोटी, की हा माणूस आता वर बघत बसेल आणि खालचे सुटतील या हिशेबाने, ते देव जाणे. साहेबांना मात्र त्या यंत्राचा लळा लागला. पत्नीसह परदेशी लेकीकडे जायचं ठरल्यावर ते बरोबर न्यायला एक सबळ कारणही मिळालं. ते कारण म्हणजे अक्का.

अक्का ही साहेबांची थोरली बहीण. साहेब सदा दौऱ्यावर, पत्नी इस्पितळात नर्स, तिच्या पाळ्या कधी दिवसाच्या कधी रात्रीच्या. लेकीला न्हाऊमाखू घातलं ते अक्काने. आता अक्काचे गुडघे गेलेले, विमानात बसायची सोय नाही. लेक फोनवर दिसायची ती कायम एकाच सोफ्यावर, मागे एकच पांढरी भिंत. दोन वर्षं भिंत आणि सोफा बघून अक्काच्या मनाने घेतलं की पोरगी काहीतरी लपवते आहे.

"तिचं घर मला बाहेरून दाखव. वरून, चारही बाजूंनी," निघताना तिने भावाला बजावलं होतं. "नाहीतर मी तिला परत बोलावून घेणार. आणि मी बोलावलं की ती येते, हे तुला माहीत आहे."

साहेबांना ते चांगलंच माहीत होतं. लेकीची नोकरी, जावयाची नोकरी, कर्ज काढून घेतलेलं घर, सगळं अक्काच्या एका हुंदक्यावर टांगलेलं होतं. लेक तर अलीकडे फोन ठेवल्यावर परतीच्या तिकिटांचे दर बघत बसायची, असं जावई हळूच सांगत होता.

तर असा हा फोटो. पण साहेब नियमांचे पक्के. ड्रोनच्या बॅटऱ्या त्यांनी नियमाप्रमाणे हातातल्या पिशवीत आणल्या आणि विमानतळावर कोणी विचारलं नाही तरी तीन जणांना दाखवल्या. त्या देशाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली, नंबर मिळवला, तो ड्रोनच्या पोटावर चिकटवला. ऑनलाइन परीक्षाही दिली. पहिल्या खेपेला नापास झाले, कारण दोन प्रश्नांच्या उत्तरांत त्यांच्या मते परीक्षा घेणारेच चुकले होते. या सगळ्या नमनाच्या घडाभर तेलात सुट्टी संपत आली. शेवटचा रविवार उजाडला, परवा परतीचं विमान, आणि आता साहेबांचं बोट एका ओळीवर अडलं होतं. दुसऱ्याच्या घरावरून किंवा अंगणावरून ड्रोन न्यायचा तर त्याची संमती हवी.

घरं तर एकमेकांना खेटून. चारही बाजूंनी फोटो म्हणजे चार शेजारी.

"बाबा, इथे कोणी कोणाच्या दारात जात नाही," लेक म्हणाली. "मला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत."

"नावं नकोत. संमती हवी," असं म्हणत साहेबांनी कोट चढवला, नियमांचे कागद फाइलला लावले, ड्रोन काखेत मारला आणि दुभाषा म्हणून जावयाला पुढे घातलं. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो इतका भिडस्त, की शेजारी फाटकाशी दिसला तर तो आत जाईपर्यंत हा दाराआड थांबायचा. पत्नी मागून निघाल्या, त्या यांचं कुठे भांडण जुंपू नये म्हणून.

पहिलं दार एका धिप्पाड कुत्रेवाल्याचं. त्याला वाटलं, ही मंडळी ड्रोन विकायला आली आहेत. त्याने आधी नको म्हटलं, मग किंमत विचारली. खरा प्रकार कळल्यावर तो बुचकळ्यात पडला. त्याच्या घरावरून जग ये-जा करत होतं, पण विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं. तो खुशीने हो म्हणाला. अट एकच, कुत्रा गुणगुण आवाजाला घाबरतो, तेव्हा त्याला धरून तो स्वतः तिथे उभा राहणार.

दुसऱ्या घरात एकटी म्हातारी. कोट आणि फाइल बघून तिने काही न विचारता साहेबांना सरळ तळघरात नेलं आणि पाणी तापवायच्या बॉयलरपुढे उभं केलं. म्हणे, तक्रार करून कंटाळले, आज आलात एकदाचे. जावई खुलासा करायला तोंड उघडणार, तोवर साहेबांनी कोट काढला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्यापुढे बॉयलर ठेवला होता. ते वर आले तेव्हा हात काळे, चेहरा उजळलेला, आणि म्हातारी काहीही लिहून द्यायला तयार. फक्त म्हणाली, मला ते उडताना बघायचंय, बसायला खुर्ची ठेवा.

तिसऱ्या घरात तान्हं बाळ होतं. त्याच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून चारनंतर उडवायचं ठरलं, आणि आई-बाप म्हणाले, तेव्हा तो जागाच असतो, त्यालाही घेऊन येतो. चौथ्या घरातल्या शिक्षिकेने साहेबांचे कागद वाचून काढले, इतकी काळजी घेणारा माणूस आपण पाहिला नाही असं म्हणाली, आणि आपली बहीणही आज आली आहे, तीही येईल, असं सांगितलं.

चार वाजता मागचं अंगण भरलं. म्हातारीने आपली खुर्ची आणली, पण खुर्च्या कमी पडतील म्हणून आणखी चार कुत्रेवाल्याच्या डोक्यावर देऊन आणल्या. शिक्षिकेने बहीण आणली, बहिणीने नवरा आणला. कुंपणापलीकडून आणखी दोन कुटुंबं डोकावली, त्यांनाही कोणीतरी आत घेतलं. पत्नींनी चहाचं आधण ठेवलं.

साहेबांनी ड्रोन गवतावर ठेवला, वाऱ्याचा अंदाज घेतला, शेवटची खात्री म्हणून फाइल उघडली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"जावईबापू, उडवता येणार नाही. जमावावरून उडवायला मनाई आहे."

"जमाव कुठाय?"

"हा काय. सगळ्यांना सांगा, घरी जा म्हणावं."

जावई आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यापुढे ठाम उभा राहिला. "मी नाही सांगणार, बाबा. तुम्ही परवा जाल, मला इथे राहायचंय."

ज्यांची संमती घ्यावी ते बघायला येणार, आणि ते आले की संमती असून उपयोग नाही. साहेब डोक्याला हात लावून बसले. पत्नींनी इस्पितळात गर्दीचे वॉर्ड सांभाळले होते. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "अहो, जमाव छपराखाली असला तर चालतो का तुमच्या नियमाला?"

साहेबांनी फाइल चाळली. चालत होता.

मग चहाच्या निमित्ताने सगळा जमाव बैठकीच्या खोलीत कोंबण्यात आला. सोफ्यावर चौघं, जिन्याच्या पायऱ्यांवर बाकीचे, कुत्रा टेबलाखाली. उड्डाण चहानंतर, असंच सगळ्यांना वाटत होतं. बाहेर साहेब एकटे. आकाश निरभ्र, कायदा अनुकूल. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवून त्यांनी घराला झोकदार प्रदक्षिणा घातली आणि वरून, चारही बाजूंनी, अगदी अक्काने सांगितला तसा फोटो घेतला. अक्काला पाठवला. मग मिशीवरून हात फिरवत तारीफ ऐकायला उभे राहिले.

फोन लगेच वाजला. पडद्यावर अक्का, आणि तिचे डोळे भरलेले.

"हे काय पाठवलंस रे? चिटपाखरू नाही त्या फोटोत. नुसत्या खुर्च्या मांडून ठेवल्यात, बसायला माणूस नाही. मला वाटत होतं तेच निघालं."

"अक्का, फोटोत माणसं नसावीत असा नियमच आहे इथे."

"माणसं नसावीत असा नियम असलेल्या गावात माझी पोर ठेवलीस? ते काही नाही. परवा तिला बरोबर घेऊन ये. तिला फोन दे, मीच सांगते."

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी काय केलं, तर तसाच फोन समोर धरून बैठकीच्या खोलीचं दार उघडलं.

आत बाजार भरला होता. बाळ पत्नींच्या खांद्यावर, कुत्रेवाला जिन्यावर बसून जावयाला काहीतरी रंगवून सांगत होता आणि जावई चक्क हसत होता. सोफ्यावर लेक मधोमध, म्हातारीने तिचा हात धरलेला. मागची पांढरी भिंत माणसांमागे दिसतसुद्धा नव्हती.

अक्का पडद्याजवळ येऊन एकेक चेहरा न्याहाळू लागली. म्हातारीने फोनमधला चेहरा पाहिला, फोन साहेबांच्या हातून काढून घेतला आणि आपल्या भाषेत बरंच काही सांगितलं. अक्कानेही मराठीतच उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळलं नाही, आणि दोघी माना डोलवत राहिल्या.

"काय म्हणतायत त्या?" शेवटी अक्काने विचारलं.

लेकीने डोळे पुसले. "म्हणतात, सकाळी आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला की त्यांना बरं वाटतं. कोणी आहे असं वाटतं. दोन वर्षं त्या रोज बघतात, आत्या. आणि मला पत्ताच नाही."

अक्काने पदर डोळ्यांना लावला. "घर कोणाला बघायचं होतं गं? छपरं काय, इथून तिथून सारखीच. तू हाक मारलीस तर कोणी दार उघडेल का, एवढंच बघायचं होतं. पडला बाई जीव भांड्यात. राहा तिथेच, सुखाने राहा." मग तिने भावाला बोलावलं. "एवढी माणसं जमवली कोणी?"

"कोणी नाही. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय उडवायचं नाही, असा नियम आहे. म्हणून दारोदार गेलो."

"ज्याने हा नियम केला ना, त्याचं कल्याण होवो," अक्का म्हणाली. "त्याला माझा नमस्कार कळव."

नियमांपायी साहेबांनी जन्मभर शिव्या खाल्ल्या होत्या. मालकांच्या, मुकादमांच्या, कधी घरच्यांच्याही. नियमाला आशीर्वाद हा पहिलाच. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि त्यांना कचेरीतला एकच शब्द सुचला.

"कळवतो," ते म्हणाले, आणि जिन्यावरच्या जावयाला तो नियम करणाऱ्या खात्याचा पत्ता विचारायला गेले.