संध्याकाळ कोणाला लागू?

ठीक पाच वाजता कॉम्प्युटरने पगाररावांना घरी जायला सांगितले. पडद्यावरचा अर्धवट हिशेब नाहीसा झाला आणि तिथे निळ्या अक्षरांत ओळ आली: ‘आजचे काम संपले. शुभ संध्याकाळ.’ पगाररावांनी चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली आणि मशीनला एक चापट मारली. ओळ जागची हलली नाही.

पगारराव हे अर्थातच त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे, ऑफिसने ठेवलेले. कंपनी इथली, पण माणसे पाच-सात देशांत नेमलेली. कुठल्या देशात कर किती कापायचा, रजा किती द्यायची, आजारी माणसाला काय विचारायचे नाही, हे सगळे पगाररावांना तोंडपाठ. यातला एकही देश त्यांनी पाहिला नव्हता, तरी एका देशावर त्यांचा जीव जडला होता. तिथली घड्याळे इथल्याबरोबरच चालत, फक्त पाचनंतर माणसाला कामाचा फोनसुद्धा करायचा नाही असा तिथला कायदा होता. कामाच्या रगाड्यात मध्येच तो कायदा उघडून पगारराव उगाच वाचत बसत. लग्न झाले तेव्हा ते आणि बायको रोज गॅलरीत चहा घेत. उजेड असे, ती बोलत असे, ते ऐकत असत. पुढे नोकरी वाढली आणि घरी पोचायला नऊ वाजू लागले. देवाकडे मागण्यासारखे त्यांच्याकडे फार काही नव्हते. उजेड असताना बायकोसमोर चहाचा कप घेऊन पुन्हा एकदा बसायचे होते, एवढेच. ते काही जमत नव्हते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगेलासा माणूस आला. त्याने दोन-चार बटणे दाबली.

“बिघाड नाहीये काका. नियम आहे, आजपासून लागू झालाय. तुम्ही तिकडचे आहात.”

“मी कुठला तिकडचा? सकाळी तुझ्याबरोबरच डबा घेऊन जिना चढलो ना!”

“ते मला माहितीये, याला नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यांची माहिती कोणी भरली?”

पगाररावांनीच भरली होती. स्वतःच्या नावासमोर देश निवडताना मन भलतीकडे भरकटले होते आणि बोटाने मनाचे ऐकले होते. त्यांनी ते बोट हळूच मुठीत घेतले.

“बरं, मग बदल ना.”

“आता कसं बदलणार? महिन्याची माहिती तिकडच्या सरकारकडे गेली. तुमचा करसुद्धा तिकडे भरून झालाय.”

बातमी साहेबांपर्यंत पोचली. साहेब मुळात भला माणूस, पण उद्या सगळ्यांचा पगार व्हायचा होता. “एवढंच ना? माझ्या मशीनवर बसा,” ते म्हणाले. पगारराव साहेबांच्या खुर्चीत अवघडून बसले, आपले नाव घातले, आणि साहेबांचे मशीनही मिटले. जाता जाता पडद्यावर लिहून गेले: ‘कर्मचाऱ्याच्या विश्रांतीत अडथळा. नोंद घेतली आहे.’

ती नोंद नेमकी कुठे घेतली गेली ते लगेच कळले. कंपनीच्या तिकडच्या वकीलबाईंचा फोन आला. वकिलांना त्या देशातही संध्याकाळ नसावी.

“तो माणूस आत्ता कुठे आहे?”

“हा काय, माझ्यासमोर बसलाय.”

“पाच वाजून गेलेत! त्याला आधी बाहेर काढा, मग माझ्याशी बोला.”

साहेबांनी हाताने हुसकावले तसे पगारराव दाराबाहेर जाऊन उभे राहिले. फोन स्पीकरवर होता आणि दार नीट लागत नसे, त्यामुळे आतले सगळे ऐकू येत होते.

“चुकून झालंय हो. नाव खोडून टाकतो.”

“तो आमच्या देशात बसून काम करतो असं तुम्ही सही करून सरकारला कळवलंय. आता ते खोटं म्हणालात, तर ते तुमच्या बाकीच्या माणसांचेही कागद तपासायला घेतील. सगळे कागद ठीक आहेत ना?”

साहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, “मग असं करतो, आज काढून टाकतो आणि उद्या परत घेतो.”

“कारण काय दाखवणार?”

“कारण... तो इथे असतो.”

“हे कारण कायद्यात नाही. नीट तीन महिन्यांची नोटीस द्या. तोपर्यंत रोज पाचला सोडा. आणि हो, त्याची रजा केवढी साठलीय! माणूस आहे की कोण आहे?”

साहेब घाम पुसत बाहेर आले. पगाररावांकडे बघायचेही टाळून ते कॉम्प्युटरवाल्याला म्हणाले, “त्यांना सांग, घरी जा म्हणावं.”

“काका, साहेब म्हणतायत घरी जा.”

“साहेबांना विचार, उद्याच्या पगाराचं काय करायचं?”

“विचारू नका म्हणावं!” साहेब किंचाळले. “विचारलं तरी ते काम होतं!”

पगारराव डबा घेऊन जिना उतरले आणि पायरीवरच थबकले. रस्त्यावर ऊन होते. तिरपे, मऊ, भिंतींवर रेंगाळणारे. इतकी वर्षे हा उजेड रोज इथे येत होता आणि आपण वर ट्यूबलाइटखाली बसलो होतो. ते भराभर चालू लागले. मग वाटले, कशाला पळायचे, आणि हळू चालू लागले. मग बायकोची आठवण झाली आणि पुन्हा भराभर. काय काय बोलायचे याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली. काही सुचेना. तीच बोलेल, नेहमी तीच बोलायची, असे म्हणून त्यांनी स्वतःची समजूत काढली. इमारतीच्या दारात खालच्या मजल्यावरच्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “कोणाकडे जायचंय?”

“माझ्याकडेच,” पगारराव म्हणाले.

बायकोने दार उघडले. तिच्या कानांवर हेडफोन होता. तिने ओठांवर बोट ठेवले, पगाररावांना बाहीला धरून आत ओढले आणि आतल्या टेबलापाशी जाऊन गोड आवाजात म्हणाली, “हो, ऐकतेय मी. सावकाश सांगा, काही घाई नाही.”

ते वाक्य आपल्यासाठी नाही हे कळायला पगाररावांना जरा वेळ लागला. फोन संपल्यावर तिने हेडफोन अर्धा सरकवला.

“अहो, बरं नाही का? की कामावरून काढलं?”

“नाही. मी परदेशात आहे. ते सांगतो. पण हे काय चाललंय?”

“माझी नोकरी. कपडे धुवायच्या मशीनच्या तक्रारी ऐकायच्या. दोन वर्षं झाली की! सांगितलं होतं तुम्हाला, जेवताना. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

“हं,” पगारराव म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

“घरात बोलायला कोणी नव्हतं. म्हटलं, बोलायचा पगार मिळतोय तर काय वाईट?” तिने कंपनीचे नाव सांगितले, देश सांगितला. देश तोच होता, पगाररावांच्या जिवाचा. “पाच वाजले की तिकडची माणसं घरी जातात ना, मग फोन माझ्याकडे येतात. संध्याकाळी मी एकटीच. नऊला सुटते, तोवर तुम्ही येताच.”

“पण पाचनंतर काम करून घेता येत नाही त्यांना! कायदाय!”

“त्यांच्या माणसांकडून नाही. मी कुठे तिकडची?”

पगारराव उत्तर द्यायला सरसावले आणि उत्तर त्यांना येत होते म्हणूनच गप्प बसले. माणूस बसतो तिथला कायदा. बायको इथे बसत होती. फोन वाजला आणि तिने हेडफोन कानावर ओढला.

त्यांनी चहा केला. दोन कप भरून गॅलरीत नेले, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. काचेपलीकडे ती कुणाच्या तरी मशीनचे दुःख मन लावून ऐकत होती, मधूनच हसत होती. तिचे हसू किती छान आहे हे पगाररावांना आठवले, आणि ते एका अनोळखी माणसाला फुकट मिळतेय याचा त्यांना भयंकर हेवा वाटला. समोरच्या भिंतीवरचा उजेड वर वर सरकत चालला होता. तिच्या मागे भिंतीला चिकटवलेल्या कागदावर कंपनीचा नंबर मोठ्या अक्षरांत होता. पगाररावांनी चष्मा सारखा केला आणि मोबाइलवर तो नंबर फिरवला.

आधी गाणे वाजले. मग एक बाई म्हणाली की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. मग काचेपलीकडे ओठ हलले.

“नमस्कार. बोला, काय तक्रार आहे?”

“चहा झालाय,” पगारराव म्हणाले.

तिने चमकून काचेकडे पाहिले. मग पाठ वळवून, रेकॉर्डिंगला शोभेल अशा आवाजात तिने विचारले, “ही अडचण कधीपासून आहे?”

“फार वर्षं झाली. माझ्या लक्षात आजच आली.”

“तक्रार नोंदवून घेतलीय,” ती म्हणाली. “आमच्याकडून नऊ वाजता येतील. तोपर्यंत तुम्ही घरी असाल ना?”