सातव्या मजल्यावरचा चष्मा

"स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही," तपासराव म्हणाले, "म्हणून थोडक्यात सांगतो. असा मेंदू शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, आणि या शंभर वर्षांतला तो होऊन गेलेला आहे. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर ती मी मुद्दाम सोडलेली असते."

हे ऐकायला समोर जहाजावरचा सरबतवाला होता. त्याने आदराने मान डोलावली आणि विचारलं, "बर्फ घालू का?"

खरं सांगायचं तर तपासराव चौतीस वर्षं लिफ्ट-तपासनीस होते. एखाद्या इमारतीत जायचं, लिफ्टमध्ये उभं राहून वर जायचं, खाली यायचं आणि कागदावर सही ठोकायची. पण हुद्द्यात 'तपास' हा शब्द आला आणि तिथंच घात झाला. निवृत्तीनंतर शेजारणीचं हरवलेलं मांजर आपल्या पायांनी घरी परतलं, तेव्हा हे योगायोगाने फाटकात उभे होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घ्यायला सुरुवात केली, आणि मदतनीस म्हणून धाकट्या साडूंना कामाला जुंपलं.

या धाकट्या साडूंचं औषधांचं दुकान होतं, म्हणून घरात त्यांना सगळे औषधवाले म्हणत. स्वभावाने गरीब. उभ्या आयुष्यात त्यांनी दोन माणसांना 'नाही' म्हटलं नव्हतं. एक बायको आणि दुसरे हे साडू. खिशात सदैव चिकटपट्टी, डोकेदुखीची गोळी आणि तपासरावांनी दिलेली टिपणवही. यांतली गोळी सर्वांत जास्त लागायची.

तर हे दोघे साडू, त्यांच्या बायका म्हणजे थोरली आणि धाकटी, आणि सासू-सासरे असे सहाजण त्या भल्यामोठ्या जहाजावर आले होते. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. आज जहाज कुठंच थांबणार नव्हतं. 'दिवसभर आराम' असा छापील कार्यक्रमच सकाळी दाराखालून सरकवलेला होता. वर निळं, खाली निळं, मधे खुर्च्यांवर आडवी पडलेली माणसं. संध्याकाळी चार वाजता छोट्या दिवाणखान्यात चहा, केक आणि सासऱ्यांचं वाचन.

त्या वाचनाचीच तर सगळी गंमत होती. सासरे म्हणजे छापखान्यातले जुने अक्षरजुळारी. जन्मभर लोकांच्या लग्नपत्रिकांत आणि मानपत्रांत शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा लावून गोड शब्द जुळवले, आणि घरी मात्र 'बरंय'च्या पलीकडे शब्द खर्च केला नाही. जेवण कसं झालंय? बरंय. साडी कशी आहे? बरंय. मुलगी झाली. बरंय. अशा माणसाने महिनाभर खपून बायकोला उद्देशून चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या तो सगळ्यांसमोर वाचणार होता. सासूबाई वरवर म्हणत, "या वयात कसली थेरं!" पण त्यासाठी त्यांनी नवी साडी घेतली होती, आणि सकाळपासून तीनदा वेळ विचारली होती.

आणि अकरा वाजता सासरे खुर्चीत उठून बसले. "माझा वाचायचा चष्मा कुठाय?"

रात्री कागद वाचून चष्मा खोलीतल्या टेबलावर ठेवला होता, एवढं त्यांना आठवत होतं. धाकटी म्हणाली, "बाबा, मी आणते." पण तपासराव तोवर उभे राहिले होते. त्यांनी सासऱ्यांच्या खोलीचं कार्ड हातात घेतलं, समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुणीही जागचं हलायचं नाही." जहाज हललं. बाकी कुणी हललं नाही.

दहा मिनिटांनी ते परतले ते पांढरेफटक पडून. "खोलीचा विषय संपला," त्यांनी जाहीर केलं. "चष्मा तिथं नाही." मग औषधवाल्यांना खांबाआड ओढून कानात म्हणाले, "साडूभाऊ, प्रकरण भयंकर आहे. दार उघडलं तर आत अंधार, पडदे बंद. आणि छतापासून काहीतरी पांढरं लटकतंय. एवढंसं. पण हात हे एवढे लांब."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पद्धतीप्रमाणे दार लावून घेतलं आणि पाटी लावली."

ती पद्धत औषधवाल्यांच्या चांगल्या परिचयाची होती. लिफ्टच्या धंद्यात बिघाड दिसला की पहिलं काम म्हणजे पाटी लावणं. पाटी लावली की निम्मं काम झालं, आणि उरलेलं निम्मं पाटी बघून करायचं. निवृत्त होताना तपासरावांनी तसली एक पाटी आठवण म्हणून आणली होती, 'तपासणी चालू आहे. आत जाऊ नये.' ती ते प्रवासातसुद्धा बॅगेच्या तळाशी ठेवत.

"पण आत जाऊन नीट बघायला नको का?" औषधवाल्यांनी विचारलं.

"साडूभाऊ, बंद लिफ्टमध्ये डोकावणाऱ्यांचे पुढे पेपरात फोटो येतात. तपास बाहेरून करायचा. आणि म्हाताऱ्यांना यातलं अक्षर सांगायचं नाही. टिपून घ्या, ही चोरांच्या टोळीची धमकी आहे."

औषधवाल्यांनी टिपून घेतलं. मग एक गोळी घेतली.

जहाजावरच्या दुकानात चष्मे मिळतात का, हे धाकटी पाहून आली. मिळत होते, पण सगळे काळे. सासऱ्यांनी एक लावून पाहिला आणि म्हणाले, "कागदच दिसत नाही, तर अक्षर कुठून दिसणार?" औषधवाले पुढे झाले. "बाबा, द्या माझ्याकडे. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात माझी हयात गेली, तुमचं तर मोत्यासारखं आहे."

"ते माझं मी वाचणार," सासरे म्हणाले आणि खिशावर हात ठेवून बसले.

इकडे तपासरावांना पहिला संशयित मिळाला. पोहण्याच्या तलावाकाठी एक जाडजूड गृहस्थ जाडजूड पुस्तक घेऊन पडले होते. नाकावर सोनेरी काडीचा चष्मा.

"अर्धा तास पाहतोय," तपासराव कुजबुजले, "गड्याने एक पान उलटलेलं नाही. का? कारण चष्मा चोरीचा आहे. नंबर जुळत नाही, म्हणून वाचता येत नाही. सरळ आहे."

"पण बाबांच्या चष्म्याची काडी काळी आहे."

"तेच तर! रंगवली."

औषधवाले तोंड उघडेपर्यंत तपासरावांनी जाऊन गृहस्थांच्या नाकावरून चष्मा उचलला होता. गृहस्थ जागे झाले. ते मुळात झोपलेले होते, आणि म्हणूनच पान उलटत नव्हते. पुढची पाच मिनिटं औषधवाल्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याबद्दल क्षमा मागितली. तपासराव बाजूला उभे राहून गृहस्थांचे बूट न्याहाळत होते.

दुसरा अंदाज पक्ष्याचा होता. समुद्रपक्ष्यांना चकाकणाऱ्या वस्तूंचं वेड असतं, हे तपासरावांनी कुठंतरी वाचलं होतं.

"अहो, किनारा दोनशे मैलांवर आहे. सकाळपासून एक पक्षी दिसला नाही," औषधवाले म्हणाले.

"दिसला नाही ना? मग लपलाय का, हा माझा प्रश्न आहे."

जेवण झालं. दोन वाजले, तीन वाजले. तलावाच्या रखवालदारावर, बासरीवाल्यावर आणि केक कापायला सुरी मागणाऱ्या एका निरुपद्रवी बाईवर संशय घेऊन झाला. थोरली एवढंच म्हणाली, "लग्नात यांचा अंगरखा हरवला होता, तेव्हासुद्धा यांनी भटजींना धरलं होतं. अंगातच होता." नव्या साडीची घडी मांडीवर घेऊन सासूबाई समुद्राकडे पाहत बसल्या होत्या. औषधवाल्यांना ते बघवेना. एवढं मोठं जहाज, सोळा लिफ्ट, तीन तलाव, आणि या बाईला चार ओळी ऐकवायला एक चष्मा मिळू नये!

साडेतीनला तपासरावांनी कपाळावर हात मारला. "साडूभाऊ! आपण सगळ्या जहाजावर संशय घेतला, एकच माणूस सोडला. चष्मा गायब झाल्याचा फायदा कुणाला? बाबांना! ज्या माणसाला पन्नास वर्षांत एक गोड शब्द बोलवला नाही, त्याला आज चारचौघांत बोलायचंय. म्हाताऱ्याला वाचायचंच नाहीये हो! चष्मा त्यानेच नाहीसा केला."

हे तपासराव नेहमीच्या आवाजात बोलले, आणि त्यांचा नेहमीचा आवाज चार मजले असलेल्या इमारतींसाठी घडलेला होता. औषधवाल्यांनी मागे पाहिलं. सासूबाई सरबताचे दोन पेले घेऊन उभ्या होत्या.

त्यांनी पेले टेबलावर ठेवले. "असं होय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "वाचायचं नसेल तर नका वाचू. माझं काही अडलेलं नाही. इतकी वर्षं कुठं अडलं?"

सासरे उठू लागले. "अगं, ऐक तरी."

"मी जरा पडते खोलीत."

"आई, तिकडे नका जाऊ!" तपासराव ओरडले. "पाटी आहे!"

"तुमची पाटी तुमच्या लिफ्टला," सासूबाई म्हणाल्या आणि आपलं कार्ड पर्समधून काढत चालू लागल्या. लांब हातांचं ते पांढरं औषधवाल्यांच्या डोळ्यांपुढे आलं. जीव मुठीत धरून ते सासूबाईंच्या मागे धावले. तपासराव बाहेरून लक्ष ठेवायला वरच थांबले.

सातव्या मजल्यावर खोल्या आवरणारा माणूस पाटीसमोर ताटकळत उभा होता. "बाई, काही चुकलं का माझं?" त्याने विचारलं. "सकाळी खोली आवरली आणि रोजच्यासारखी गंमत करून ठेवली. पाहुणे बघतात, हसतात. आज तर कुणी आत गेलंच नाही. वर ही तपासणीची पाटी. माझी तक्रार झाली का?"

सासूबाईंनी पाटी उपटून त्याच्या हातात दिली आणि दार उघडून दिवा लावला.

छताला अडकवलेल्या कपड्यांच्या हँगरला एक माकड लोंबकळत होतं. दोन टॉवेलांच्या घड्या घालून केलेलं, लांब हातांचं, चांगलं गुटगुटीत. पाहुण्यांचीच एखादी वस्तू त्याला घालायची, अशी त्या माणसाची पद्धत होती. माकडाच्या नाकावर काळ्या काडीचा वाचायचा चष्मा होता.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पलंगावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "काय हो हे ध्यान!" त्या म्हणाल्या. ते माकडाला उद्देशून होतं की थोरल्या जावयाला, हे औषधवाल्यांनी विचारलं नाही.

चार वाजता सासूबाई नवी साडी नेसून, माकडाला कडेवर घेऊन दिवाणखान्यात शिरल्या. तपासराव लगेच उठले. "माझा पहिल्यापासून खोलीवरच..." एवढ्यात थोरलीने त्यांच्या तोंडात केकचा मोठा तुकडा कोंबला.

सासूबाईंनी माकडाच्या नाकावरचा चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "मी उगीच बोलले. आता वाचा."

सासऱ्यांनी चष्मा लावला. घडी उघडली.

"अगं," त्यांनी वाचलं आणि थांबले. "अगं, जन्मभर मी लोकांचे गोड शब्द जुळवले. घरी पोचेपर्यंत माझ्याकडचे खिळे संपलेले असायचे. माझ्या हाताची शाई तू रोज रात्री घासून काढलीस आणि एकदाही कुरकुरली नाहीस. मी आपला 'बरंय' म्हणायचो. पण त्यात मला जे म्हणायचं असायचं, ते सगळं छापायला एक छापखाना पुरला नसता."

धाकटीने नाक पुसलं. तपासरावांचं तोंड केकने भरलेलं होतं, आणि डोळेही भरलेले होते.

"इतकं सोपं होतं," सासूबाई म्हणाल्या, "तर पन्नास वर्षं कशाला लावलीत?" आणि माकडाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "परत वाचा."

सासऱ्यांनी परत वाचलं. अगदी तेच, शब्दाला शब्द, आणि या वेळी न थांबता, सरळ बायकोकडे बघत. औषधवाल्यांनी नीट पाहिलं. चष्मा म्हाताऱ्याने कपाळावर सरकवलेला होता आणि कागद मिटून मांडीवर पडला होता. सगळ्या ओळी पहिल्यापासून तोंडपाठ होत्या. सकाळी अकरालाही.

म्हणजे तपासरावांचा एक अंदाज निम्मा का होईना, बरोबर होता: चष्मा म्हाताऱ्याने लपवला नव्हता, पण तो नसल्याचं निमित्त त्याला हवंच होतं. बोलाफुलाला गाठ पडली होती. पण हे त्यांना मरेपर्यंत सांगायचं नाही, असं औषधवाल्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. मांजर घरी परतलं त्यावर त्या माणसाने इतकी वर्षं काढली होती, यावर आणखी वीस सहज काढली असती.