दादासाहेबांची नाजूक मोटार

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं आणि आमच्या लश्कर शहरातल्या बऱ्याच मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमचे शेजारी दादासाहेब मात्र आपल्या उभ्या मोटारीला गार हवा कशी मिळेल, या काळजीत होते.

"उकाड्यात गाडी घाबरते हो," ते सांगत. "तबियत नाजूक आहे तिची."

त्यांचा मोटारखाना म्हणजे जुनी पागा. घोडे गेले, मोटार आली, पण दादासाहेबांची भाषा घोड्याचीच राहिली. दसऱ्याला ते मोटारीपुढे भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी ठेवत आणि थंडीत तिला झूल घालत. पागेच्या कोपऱ्यात रामदीन राहायचा, पूर्वी घोड्यांची निगा राखणारा त्यांचा म्हातारा सईस. मागच्या उन्हाळ्यात त्याला उन्हाच्या झळांनी लू लागली होती. पुन्हा लागली तर म्हातारा हातचा जाईल, असं वैद्यांनी बजावलं होतं.

आणि नेमके त्याच्यावरच दादासाहेबांचे प्रयोग सुरू झाले! भर दुपारी त्याला मोटारीशेजारी खाटेवर निजवायचं आणि उठला की विचारायचं, "क्यों रामदीन, गाड़ी कैसी है?"

आधी बाड्यावरच्या दुकानातून विजेचा पंखा आला.

"खड़खड़ बहुत करता है, सरकार."

"बरोबर. गाडी दचकते," दादासाहेबांनी निकाल दिला. पंखा परत गेला.

मग बर्फाच्या लाद्या आल्या. फरशीला ओल चढली. "गाडीचे गुडघे धरले," दादासाहेब म्हणाले. शेवटी दाल बाजारातून वाळ्याचे पडदे आले आणि छताला दोरीनं ओढायचा पंखा टांगला गेला. थंडीची सोयही त्यांनी आताच ठरवून टाकली. शेगडी नको, पेट्रोल भडकेल आणि धुरानं गाडीला खोकला होईल. त्यापेक्षा तापवलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या.

माझं डोकं फिरलं. मजूर रस्त्यावर भाजून निघताहेत आणि हे सरदार एका पत्र्याच्या खोक्याला वारा घालताहेत, तेही आजारी म्हाताऱ्याचा जीव पणाला लावून! चार शब्द तोंडावर सुनावायचे म्हणून मी दुपारीच मोटारखान्यात शिरलो.

आत गार अंधार होता. मोटार एका भिंतीला सरकवून ठेवलेली. ओल्या पडद्यासमोर रामदीन घोरत होता आणि खुद्द दादासाहेब स्टुलावर बसून, घामाघूम होऊन पंख्याचा दोर ओढत होते.

"हा काय जुलूम..."

"हळू बोला!" ते कुजबुजले. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"मग हे सगळं याच्यासाठी? सरळ सांगायचं की त्याला!"

"सांगितलं नाही होय? म्हणाला, सईसाला वाळा? लोग हँसेंगे, सरकार. घरात चल म्हटलं, तर पाया पडून रडला. मोटारीजवळ थांब, असा हुकूम सोडला, तेव्हा निमूट झोपला." दोर ओढता ओढता ते थांबले, पुन्हा ओढू लागले. "मला पहिल्यांदा घोड्यावर यानंच बसवलं. आईसाहेबांचा आवाज कसा होता, हे आता आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. हा गेला तर मी कुणाशी बोलू?"

मी हात पुढे केला. "द्या इकडे."

दादासाहेबांनी दोर दिला आणि दुखरा खांदा चोळत सुस्कारा सोडला.

तेवढ्यात रामदीनचं घोरणं थांबलं. आम्ही दोघेही श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिलो.

त्यानं कूस बदलली. मग घोरणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्यानं.