पडद्यामागचा पाच नंबर

यंदा आमच्या प्रताप नगरच्या नाट्यमंडळात मी क्रांती केली! बारा वर्षं आम्ही जुनी संस्कृत नाटकं मराठीत करतो, आणि बारा वर्षं राजा गोरा, राक्षस काळा, हे ठरलेलं. यंदा बैठकीत मी टेबलावर मूठ आपटली. "ह्यापुढे रंग बघायचा नाही! निवड पडद्याआडून! चिठ्ठीवरचा नंबर घ्या, आवाज ऐकवा, बस!"

टाळ्या पडल्या. बारा वर्षं राजा मीच होतो, हे टाळ्या घेताना माझ्या लक्षात नव्हतं.

ते माझ्या बायकोच्या, म्हणजे अख्ख्या मंडळाच्या यमुताईच्या, लक्षात आलं.

"मंग तुमी काहून नाही जात पडद्यामागं?"

"मी? अगं, मी दिग्दर्शक आहे!"

"दिग्दर्शकाले रंग नसते का?"

झालं! गेलो. परीक्षक दोनच, एक यमू आणि दुसरे आमचे रंगभूषाकार रुपरावजी. तीस वर्षांचा संसार, बायको आवाज ओळखणारच! पाच नंबरची चिठ्ठी खिशात घालून मी असा गरजलो की पडद्याची सगळी धूळ माझ्याच नाकात गेली.

निकाल लागला. तीन नंबरला दहापैकी नऊ, पाच नंबरला दोन!

"हा पाच नंबर कोण हाय जी?" रुपरावजी ओरडले. "त्याले म्हणा, नुसता उभा राहात जा!"

तीन नंबर बाहेर आला तो अंकुश! कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी, रंगाने काळा, सहा वर्षं आमचा इमानी राक्षस. बिचारा घाबरला. "काका, मले राक्षसच द्या ना! राजाची सवय नाही."

मी मोठ्या मनाने त्याला राजा केलं. मन मोठं व्हायला दोन दिवस लागले, ते सोडा.

घरी यमूला विचारलं, "तू माझा आवाज ओळखला नाहीस?"

"वळखला ना! म्हणून तर दोन देले. रुपरावजी एकच देऊन राहिले होते!"

म्हणजे बारा वर्षं लोक टाळ्या माझ्या अभिनयाला देत होते की गोऱ्या गालांना? मी द्वारपाल झालो. हातात भाला आणि एकच वाक्य, "महाराजांचा विजय असो!"

प्रयोगाच्या दिवशी रुपरावजी सवयीने गोऱ्या रंगाचा डबा घेऊन अंकुशकडे निघाले. "राजा गोराच असते जी!" मी डबा हिसकावला आणि अंकुशला आहे तसाच सिंहासनावर बसवला. काय बोलला पोरगा! पहिल्या रांगेत त्याची आई प्रेमिलाबाई रडली. भाला सांभाळत मीही रडलो. मला फार अभिमान वाटला, त्याचा, आणि त्याहून जरा जास्त स्वतःचा.

मध्यंतरात प्रमुख पाहुणे राजाला हार घालायला रंगमंचावर आले. काटोलचे भैयाजी, पहिला अंक संपता संपता पोचलेले. सिंहासनावर मुकुट घालून अंकुश. भैयाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सरळ येऊन शेवंतीचा भला मोठा हार माझ्या गळ्यात घातला!

"वा महाराज, वा! काय बोलता जी तुमी!"

अख्ख्या अंकात मी एक वाक्य बोललो होतो!

प्रेमिलाबाईंच्या टाळ्या थांबल्या. अंकुशने मान खाली घातली. मी मनाशी म्हटलं, हीच ती वेळ! हार काढला आणि अंकुशच्या गळ्यात घातला. अगदी लगेच घातला हं!

म्हणजे, फोटो काढून झाल्यावर लगेच.