करंगळीच्या पेराएवढा पाऊस

सुट्टीला कुठे जायचं हे तनुजाने डोंगर बघून नाही, तक्ता बघून ठरवलं. ऑगस्ट चालू होता. पुण्यात वारज्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दारांच्या कड्यांना, पंख्यांखाली, तिच्या नवऱ्याने सलिलने हौसेने आणलेल्या व्यायामाच्या सायकलवर, सगळीकडे कपडे होते आणि त्यातला एकही वाळत नव्हता. अवनीच्या दुपट्याला तर असा कुबट वास सुटला होता की तनुजा ते रोज धूत होती, आणि रोज धुतल्यामुळे ते कधीच वाळत नव्हतं. हिंजवडीत दिवसभर लोकांच्या आकड्यांमधल्या चुका शोधणाऱ्या बाईला हे काही दिसलं नाही. अडीच वर्षांची अवनी ते दुपटं नाकाशी धरल्याशिवाय झोपत नसे, आणि ती झोपली नाही की घरात कोणीच झोपत नसे.

तेव्हा अवनीला झोपवता झोपवता, एका हाताने, तनुजाने उत्तरेकडच्या एकेका गावाचा महिनावार पाऊस काढला. मनाली गेलं, सिमला गेलं, धरमशाला तर बघवेना. लेहपाशी बोट थांबलं. ऑगस्टचा सगळा मिळून पाऊस करंगळीच्या पेराएवढा.

"लेहला काय बघायचं?" सलिलने विचारलं.

"ऊन."

"अगं, लोक तिथे मठ बघायला जातात."

"जाऊ देत. मी दोरी घेतलीये."

दोरीबरोबर चिमटे घेतले, आणि घरात दमट होतं ते सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून बॅगेत कोंबलं. दुपटं सगळ्यात वर. सुनीतीबाई, तिच्या सासूबाई, खुर्चीतून हे बघत होत्या. छत्री घेतलीस का, एवढंच त्यांनी विचारलं.

"आई, तिथे पाऊस पडत नाही. मी सरासरी बघितलीये."

"सरासरी मी तीस वर्षं शाळेत शिकवली," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी मात्र शिकवली नाही.

ओले कपडे वजनाला जास्त भरतात, हे विमानतळावरच्या काउंटरवर कळलं. सलिल दिल्लीपर्यंत एकावर एक दोन जीन्स घालून गेला. त्यातली वरची ओली होती. थोड्या वेळाने आतलीही.

लेहमध्ये ऊन होतं. तक्त्यात होतं तसंच, लख्ख. लॉजच्या मालकीण आंगमोदीदींनी बजावलं, हवा विरळ आहे, आज नुसतं पडून राहायचं, धावायचं तर नावच नको. तनुजाने मान डोलावली आणि जर्दाळूच्या दोन झाडांना दोरी बांधली. तिसऱ्या कपड्याला तिला धाप लागली, म्हणून उरलेले तिने खुर्चीत बसून सलिलकडून वाळत घालून घेतले. दुपटं मधोमध, उन्हाच्या ऐन माऱ्यात. मग ती जन्मात पहिल्यांदाच मन लावून कपडे वाळताना बघत बसली.

चहा होईपर्यंत डोंगरामागून एक ढग वर आला.

"दीदी, यहाँ तो बारिश नहीं होती ना?"

"नहीं होती," आंगमोदीदी वर बघत म्हणाल्या. "साल में एकाध बार होती है. ऐसे ही."

करंगळीचं अख्खं पेर एका तासात पडलं. धावायला मनाई असल्यामुळे तनुजा वरातीच्या चालीने अंगणभर फिरून कपडे गोळा करत होती. लॉजच्या मातीच्या छताला पावसाची सवय नव्हती. खोलीत घमेली ठेवावी लागली. भिजलेल्या तनुजाला बदलायला कोरडं काही नव्हतंच. आंगमोदीदींनी तिच्या हातातलं दुपटं घेतलं आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या दांडीला टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुनीतीबाईंनी बाल्कनीचा फोटो पाठवला होता. उन्हात न्हालेल्या दोन गाद्या, तीन उशा. खाली लिहिलं होतं, "आज कडकडीत ऊन. गाद्यासुद्धा घातल्या. तुझी सरासरी कशी आहे?"

संध्याकाळी दुपटं आलं. कोरडं, ऊबदार, खडखडीत. तनुजाने ते गालाला लावलं. दोन महिन्यांत असं काही हाताला लागलं नव्हतं. धुराचा जरासा वास होता, पण कुबट अजिबात नाही. दिवसभराची सगळी फजिती तिने मनातल्या मनात माफ केली आणि पेंगुळलेल्या अवनीच्या हातात दुपटं दिलं.

अवनीने हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हे माझं नाही."

"तुझंच आहे गं राणी. हा बघ कोपऱ्यात हत्ती."

"हत्ती माझा. दुपटं नाही," म्हणून तिने ते लांब टाकलं आणि गळा काढला. सलिल खिडकीबाहेरचे डोंगर अतिशय लक्षपूर्वक बघू लागला.

तनुजाने तिला छातीशी उचलून घेतलं. पुण्याहून पिशवीत कोंबून आणलेली आणि इथे पुन्हा भिजलेली ओढणी तिच्या गळ्यात तशीच होती. रडता रडता अवनीचं नाक ओढणीला लागलं. रडणं थांबलं. तिने एक टोक मुठीत धरून नाकाशी नेलं आणि एक लांब, समाधानाचा श्वास घेतला.

"हे," ती म्हणाली, आणि झोपली.

खोलीत कोणी हललं नाही. बाहेर आभाळ निवळलं होतं, कोरडा वारा सुटला होता.

"झोपली?" सलिलने कुजबुजत विचारलं.

ओढणी ओढली जाऊ नये म्हणून मान वाकडी करून बसलेल्या तनुजाने डोळ्यांनीच हो म्हटलं. मग मोकळ्या हाताने ओढणी चाचपली, आणि तिचा चेहरा उतरला.

"सलिल, वाळायला लागलीये रे. जरा पाणी शिंपड."