हरळी निर्मूलन (संयुक्त)

कारखान्याला भांडण परवडत नाही. त्यापेक्षा नुकसान परवडते. चिंचवडच्या आमच्या कंपनीने एका लांबलेल्या संपानंतर हे तत्त्व मान्य केले आणि संयुक्त समिती जन्माला आली. अर्धे सभासद व्यवस्थापनाचे, अर्धे युनियनचे. वाद आला की तो मधोमध कापायचा. कँटीनमध्ये पोहे की उपमा, असा प्रश्न आला तेव्हा दोन्ही एकाच परातीत कालवून देण्यात आले. (निम्मे लोक पोह्यांसाठी हळहळले, निम्मे उपम्यासाठी, म्हणजे निर्णय न्याय्य होता.)

एक्याऐंशी साली या समितीपुढे गवत आले. दिवाळीनंतर संचालक भेटीला येणार होते आणि गेटपासून पेंट शॉपपर्यंत गाजरगवत आणि हरळी माजली होती. आवाराचे काम धोंडीबाकडे होते. कंपनी येण्याआधी ही जमीन त्याच्या बापाची, त्यामुळे हरळीशी त्याचा जुना घरोबा. कित्येक वर्षे तो टेंपरवारी होता: काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा काम. व्यवस्थापनाने त्याला शब्द दिला, की साहेब येण्याआधी गवत गेले तर पर्मनंट.

धोंडीबाने खुरप्याला धार लावली, तोच कंपनी आधुनिक झाली.

प्रशासन अधिकारी मधुसूदन जोगळेकर यांनी पुण्याहून रुंद पानांचे तण मारणारे औषध आणले. त्याने गाजरगवत मरते. युनियनचे सेक्रेटरी किसन गायकवाड यांचा साहेबांच्या डब्यावर विश्वास नव्हता. त्यांनी चाकणहून फक्त गवतावर चालणारे औषध आणले. त्याने हरळी मरते. दोन्ही औषधे उत्तम होती, आणि अडचण तीच होती. पहिला फवारा कोणाचा, यावर बैठक जेवणाच्या सुट्टीपलीकडे लांबली. शेवटी एकमताने ठरले, की दोन्ही औषधे निम्मी निम्मी एकाच पंपात घालावीत. ती वेगवेगळी, मध्ये काही दिवस सोडून फवारावीत, असे डब्यावर छापले होते. समितीला त्यात फुटीरपणाचा वास आला.

धोंडीबाचे खुरपे स्टोअरमध्ये जमा झाले आणि पंप त्याच्या पाठीवर आला. एकत्र आल्यावर साहेबांच्या औषधाने युनियनच्या औषधाचा जोर मोडला. हरळीच्या मुळापर्यंत ते पोचलेच नाही. (शास्त्रात याला काहीतरी नाव आहे. आमच्याकडे सहकार्य म्हणत.) गाजरगवताने माना टाकल्या. हरळी चार दिवस पिवळी पडली, मग शेजार उठून गेल्याचे तिच्या लक्षात आले आणि तिने सगळे ऊन, पाणी, जागा ताब्यात घेतली.

संचालक आले, गेटपाशी थांबले आणि म्हणाले, लॉन छान ठेवलंय. अभिनंदन निम्मे निम्मे वाटून घेण्यात आले.

मग धोंडीबाचा विषय निघाला. जोगळेकरांनी शांतपणे समजावले, की अट गवत जाण्याची होती आणि ते गेलेले नाही. शिवाय आता ते गवत नसून लॉन आहे, आणि लॉनला जाणकार कंत्राटदार लागतो. धोंडीबा टोपी हातात धरून ऐकत होता.

"सायेब, मला खुरपं धरू दिलं न्हाई," तो म्हणाला. "आता गवत ऱ्हायलं म्हनून मी जायाचं व्हय?"

इतिवृत्त लिहिताना मला फार लाज वाटली, पण ती विषयपत्रिकेवर नव्हती. मग चहा आला.

चहानंतर किसनरावांनी धोंडीबाला कायम करा म्हटले, जोगळेकरांनी कमी करा म्हटले, आणि समितीने मध्य काढला: धोंडीबाचे काम कायम, नोकरी टेंपरवारी. लॉनला पाणी घालायला तो अजून येतो. ब्रेकमध्येही येतो, कारण हरळी ब्रेक घेत नाही.

वाचकहो, तुम्ही समंजस आहात. धोंडीबाला अगदीच काही मिळाले नाही असे नाही, हे तुमच्या मनात आलेच असेल. समितीही तेच म्हणाली.