नऊ नंबरची हिरवी जर्सी

"कुठली जर्सी? ती हिरवी? ती तर मी मंगळवारीच भांडीवालीला दिली," प्रभावतीबाई म्हणाल्या. "झाकणाचा डबा आला तिच्यावर. पाच किलो डाळ मावते!"

पंडितराव कपाटासमोर मटकन खाली बसले. जुने कपडे देऊन भांडी घ्यायची खोड प्रभावतीबाईंनी नागपूरहून बदलीच्या सामानासोबत जयपूरला आणली होती. नवऱ्याची रेल्वेची नोकरी संपली, खोड काही सुटली नाही.

लोको इलेव्हन हा रेल्वेवाल्यांचा फुटबॉल क्लब. आधी तो एका सिमेंटवाल्याने घेतला, मग कोचिंग क्लासवाल्याने आणि आता संगमरवरवाल्या शेठने. मालकागणिक नाव बदललं, तरी पंडितरावांसारखे पन्नासेक म्हातारे 'आपला लोको' म्हणतच राहिले. जुना असा फक्त हिरवा रंग उरला होता, आणि शेठला आता जांभळा हवा होता. "पुराना सबूत दिखाओ पंडितजी, तो हरा रहेगा," एवढी सवलत त्याने दिली होती.

सबूत म्हणजे चौऱ्याऐंशीची फायनल जिंकताना नागपूरकडच्याच कॅप्टन देवरामजींनी घातलेली जर्सी. निवृत्त होताना त्यांनीच ती पंडितरावांच्या हाती सोपवली होती. आज पाच वाजता जगतपुऱ्याच्या मैदानावर देवरामजी ती सगळ्यांसमोर ओळखणार होते.

"मी जिवापाड सांभाळली, अन् तू डाळीपायी देऊन टाकली!"

"मग कपाटात चुरगळून कायले ठेवली? मला वाटलं, पोछ्याची आहे!"

भांडायला वेळ नव्हता. दोघं स्कूटरवरून शास्त्री नगरला भांडीवालीच्या घरी धडकले. "वो तो गैराज में दे दी, बाबूजी," ती म्हणाली. गॅरेजमध्ये जर्सी सापडली, म्हणजे तिच्या चिंध्या सापडल्या. अर्धा नऊ असलेल्या चिंधीने मिस्त्री एका मोटरसायकलचं तेल पुसत होता. पंडितरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"आता रडू नका," प्रभावतीबाई म्हणाल्या. "राजा पार्कला चला. द्वारका टेलरकडे."

द्वारका क्लबचा जुना शिंपी. पंडितरावांनी कसंबसं सांगितलं, की लोकोची जुनी हिरवी जर्सी आजच्या आज हवी. द्वारकाने चष्म्यावरून एकदा पाहिलं. ना माप विचारलं, ना नंबर. "तीन बजे ले जाना," एवढंच म्हणाला. घाईत पंडितरावांना त्याचं काही वाटलं नाही.

साडेतीनला कोरी करकरीत जर्सी चहाच्या पाण्यात बुडाली. मग प्रभावतीबाईंनी ती फरशीवर घासली.

"कॉलर थोडी फाडू काय?"

"फाड!"

"बाहीला रफू पण करते. खरं वाटते."

पाच वाजता स्टेजवर देवरामजींनी जर्सी हातात घेतली. बाही पाहिली, कॉलर पाहिली, मग ती नाकाशी नेली. पंडितराव खुर्चीच्या कडेवर सरकले. म्हातारा 'नाही' म्हणाला, की क्लबचा रंग जाणार आणि रेल्वेवाल्यांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शेठने दोनदा घड्याळ पाहिलं.

"यही है," देवरामजी कापऱ्या आवाजात म्हणाले. "हमारी यही है!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठने हात जोडून हिरवा रंग कायम केला. देवरामजी शेजारच्या खुर्चीत येऊन बसले, तेव्हा मात्र पंडितरावांना राहवेना.

"देवरामजी, तुम्हाला एक खरं सांगायचं होतं..."

"चहात किती वेळ ठेवली?" देवरामजींनी समोर बघतच विचारलं.

"अं?"

"वास येऊन राहिला. मी तुले दिली ती तर मी दोन दिवस चहात ठेवली होती. उन्हात वाळवायची असते, बाप्पा." ते आणखी जवळ सरकले. "खऱ्या जर्सीवर तर आमच्या घरी नव्वद सालीच बालदी आली. द्वारकानंच शिवली ना?"

पंडितरावांनी मान हलवली. समोर शेठ जर्सी काचेच्या पेटीत ठेवत होता आणि पन्नास म्हातारे उभे राहून "लोको! लोको!" ओरडत होते. देवरामजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांच्यात सामील झाले. मग पंडितरावही उठले आणि घसा बसेपर्यंत ओरडले.